मनकर्णाबाईची साक्ष

त्या सकाळी वडनेरवर धुकं असं बसलं होतं, जणू रातोरात कोणी साऱ्या गावावर पिंजलेला कापूस अंथरून ठेवला. हापसीचा दांडा दिसत होता, पण दांडा दाबणारं माणूस दिसत नव्हतं. नुसती कर्र-कर्र ऐकू यायची आणि पितळी गुंडात पाण्याची धार पडायची. मग धुक्यातून आधी खोकला यायचा, त्याच्या मागून चपलांची फटफट, आणि सगळ्यात शेवटी माणूस.

"कोन वं? मनकर्णा का?"

"मीच वं. दुसरं कोन मराले येते येवढ्या थंडीत?"

"मी आली ना," म्हणत सीताबाई आपला गुंड घेऊन धुक्यातून बाहेर आली.

दोघी एकाच साली या गावात सून म्हणून आल्या होत्या. सीताबाई मारोतीपुढून येताना हात जोडायची, मनकर्णाबाई चर्चच्या टिनाच्या छपराकडे पाहून डोळे मिटायची, आणि हापसीवर भेटल्या की एकीचा रामराम नि दुसरीचा सलाम एकमेकांत मिसळून जायचा.

पहिला गुंड नेहमी गुंजनचा. गुंजन म्हणजे मनकर्णाबाईची नात, तिच्या लेकाची, नीलेशची पोरगी. पोरीला सिकलसेल. डॉक्टरीणबाईनं मनकर्णाबाईला समजावून सांगितलं होतं, की पोरीचं रक्त गोल असायचं ते विळ्यासारखं वाकडं होते, मग ते नसांत अडकते आणि कळा येतात. विळा म्हटल्यावर मनकर्णाबाईला पुढचं सांगावं लागलं नाही. पाणी भरपूर पाजायचं, थंडीपासून जपायचं, रोजची गोळी चुकवायची नाही. तेव्हापासून तिची सकाळ याच तीन गोष्टींवर उभी होती. पाणी भरायचं, थोडं कोमट करायचं, पोरीला स्वेटर चढवायचं, आणि फळीवरची चहाची जुनी डबी उघडून गोळी द्यायची.

गुंड चुलीजवळ टेकवून तिनं फळीवर हात नेला. डबी नव्हती.

"वर्षा, डबी कुठी गेली वं?"

सून वर्षाली भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही. "ठेवली."

"कुठी ठेवली?"

"आई, काल तुमी होत्या ना तिथं? तुमी बी आमेन म्हनलं."

मनकर्णाबाईचा हात फळीवर तसाच राहिला.

म्हटलं होतं खरं. काल, बुधवारी, बोरगाव मेघेच्या लग्नाच्या हॉलात प्रार्थनासभेला त्या तिघी गेल्या होत्या. हॉलाच्या छताला कोण्या लग्नातल्या कागदी फुलांच्या माळा तशाच लटकल्या होत्या. कीबोर्ड वाजत होता, हळू, एकाच सुरावर, जसं दुपारच्या वेळी मोहाच्या झाडाखाली मधमाश्या गुणगुणतात तसा. रजतभाऊ म्हणून एक प्रचारक, पांढरा सदरा, कोवळा चेहरा, आवाज असा की कोणी गरम दुधात बोट बुडवून कपाळाला लावते आहे. त्यानं गुंजनच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "आजपासून या लेकराच्या नसांतून येशूचं रक्त वाहतंय. वाकडं ते सरळ झालं! आता गोळी देणं म्हणजे प्रभूला म्हणणं, की तुझं रक्त पुरत नाही."

हॉल हलला. मनकर्णाबाईला वाटलं आपले पाय जमिनीला लागतच नाहीत. म्हाताऱ्या अंगातलं सगळं ओझं कोणी उतरवून ठेवलं असं झालं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून आमेन, दोन्ही तिला न विचारता बाहेर पडले. मग रजतभाऊनं विचारलं, "साक्ष कोण देणार?" आणि वर्षाली उभी राहिली. चारचौघांत कधी नाव न सांगणारी वर्षाली, माईक धरून म्हणाली, "माही पोरगी बरी झाली."

साक्ष म्हणजे ख्रिस्ती माणसाची जबान. मंडळीपुढं एकदा दिली की झालं. आता गोळी दिली तर ती जबान खोटी होणार. वर्षालीनं डबी लपवली ती याच भीतीनं, आणि मनकर्णाबाईनं पुढं विचारलं नाही तेही याच भीतीनं. तिलाही वाटलं, खरंच झालं असलं तं? आपण गोळी दिली आणि आलेलं बरंपण दारातून वापस गेलं तं?

तिनं पोरीला पाणी पाजलं, स्वेटर घातलं. गोळी दिली नाही.

*

मनकर्णाबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. शास्त्र तिला वाचण्यातून कमी आणि ऐकण्यातून जास्त मिळालं. तिच्या लहानपणी अन्नपूर्णाबाई नावाची एक म्हातारी होती, वाड्या-वस्त्यांवर फिरून बायांना येशूच्या गोष्टी सांगणारी. बाया बसून ऐकायला रिकाम्या नसायच्या, म्हणून अन्नपूर्णाबाई त्यांच्यासंगं कापूस वेचायची. कमरेला फडकं बांधायची आणि ओळीत उभी राहायची. एका तासाला एक गोष्ट. तास म्हणजे पऱ्हाटीची, कपाशीची एक ओळ, या बांधाच्या धुऱ्यापासून त्या बांधाच्या धुऱ्यापर्यंत. गोष्ट अशी मापून सांगायची की धुरा आला आणि गोष्ट सरली. कोणी बाई मधूनच उठून गेली तर म्हातारी तिला ओरडायची, "ये पोरी, गोष्ट अर्धी नेऊ नको! अर्धी गोष्ट पोटात दुखते!"

आणि वेचतानाची तिची एक सवय. बोंड वरून पांढरं दिसलं तरी ती चिमटीत दाबून पाहायची. आत कधी किडकी कवडी निघते, कडक, पिवळी. "पांढरं दिसलं म्हनून फडक्यात टाकाचं नसते बाई. दाबून पाहा. चांगला कापूस दाबल्यानं कायी खराब होत नाई."

पुढं मनकर्णा रूपरावची बायको होऊन वडनेरला आली. रूपराव चर्चची घंटा वाजवायचा, ती झाडलोट करायची आणि प्रभुभोजनाची तयारी, येशूच्या आठवणीत मंडळीला वाटायच्या भाकरीची नि द्राक्षरसाची. बाटलीतला द्राक्षरस या गावात कोण आणून देणार! शनिवारी काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, धुतलेल्या पातळाच्या तुकड्यातून गाळायच्या. रूपराव गेला, घंटा दुसऱ्याच्या हाती गेली. मनुका मात्र तिच्याकडेच राहिल्या.

या रविवारी प्रभुभोजन होतं, आणि रजतभाऊ वडनेरला येणार होता. मंडळीचे म्हातारे पाळक अण्णाजी यांनीच त्याला बोलावलं होतं. बाकं रिकामी पडत चालली होती आणि बोरगावच्या हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णाजींना वाटलं, येऊ दे बापा, चार माणसं तं येतीन.

शनिवारी दुपारी धुकं विरलं आणि अंगणात पिवळं, नरम ऊन पडलं. मनकर्णाबाई मनुकांची परात घेऊन भिंतीला टेकून बसली. गुंजन देठं काढायला बसली. सगळीकडं कसं निवांत होतं. दूर कोण्या वावरात ट्रॅक्टर चालत होता. ऊन पापण्यांवर बसलं आणि मनकर्णाबाईचा डोळा लागला.

सपनात पऱ्हाटीचं वावर होतं, पण त्याला धुराच नव्हता. ओळ चालतच होती, पांढरी, पांढरी, आभाळापर्यंत. रूपराव घंटेचा दोर ओढत होता आणि घंटेतून आवाजाच्या जागी कापूस झडत होता. अन्नपूर्णाबाई तिच्यासंगं वेचत होती आणि गोष्ट सांगत होती. सैतानानं प्रभूले देवळाच्या छपरावर नेलं. म्हने, तू देवाचा लेक ना? मंग मार उडी. शास्त्रात लिवलं हाये, देवदूत तुले हातावर झेलतीन. खाली पाह्यलं तं मानसं मुंग्यायवानी... आणि इतकं सांगून म्हातारी गप्प झाली. मनकर्णा म्हणत होती, "मंग? मंग काय झालं वं बाई?" म्हातारी नुसती बोंडं दाबून पाहत होती, एकामागून एक.

परातीत काहीतरी खळकन पडलं. मनकर्णाबाईनं डोळे उघडले.

गुंजनच्या हातातून मनुका सांडल्या होत्या. पोरगी त्या उचलत होती, पण बोटांनी नाही, दोन्ही तळहातांत धरून, जसं मांजर पंजानं ओढते तसं.

"काय झालं वं? बोटं दाखव."

"कायी नाई."

मनकर्णाबाईनं हात ओढला. बोटं सुजून ताठ झाली होती. तिनं पोरीच्या पायाची नळी हलकेच दाबली. पोरीनं दात दाबले, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही.

"दुखते?"

पोरीनं घराकडं पाहिलं. आत वर्षाली धुणं पिळत होती. मग आजीच्या कानाशी येऊन ती म्हणाली, "दुखते म्हनाचं नसते आजी. दुखते म्हनलं तं येशू बरं केलेलं वापस घेते."

ऊन तसंच नरम होतं. ट्रॅक्टर तसाच चालत होता. पण मनकर्णाबाईच्या चिमटीत काहीतरी कडक लागलं.

तिनं पोरीला मांडीवर घेतलं. आपल्या साऱ्या जन्मात ऐकलेला येशू तिनं आठवून पाहिला. आंधळा रस्त्यावरून बोंबलत होता, लोक त्याला गप्प बस म्हणत होते, आणि येशू थांबला. मेलेल्या मित्राच्या, लाजरच्या कबरीपाशी स्वतः रडला. आणि क्रुसावर?

"गुंजे, क्रुसावर प्रभू काय म्हने, मालूम हाये का?"

"काय?"

"म्हने, मले ताहान लागली." तिनं पोरीचे डोळे पुसले. "देवाचा लेक होता, पन ताहान लपवली नाई त्यानं. साऱ्याइच्या देखत सांगतली. मंग तू काऊन लपवतं माय?"

पोरगी आजीच्या छातीत तोंड खुपसून रडली, आणि आता कुठं म्हणाली, "लय दुखते."

मनकर्णाबाईनं तिला पाणी पाजलं, गरम पाण्याची पिशवी करून पायाशी दिली, आणि आत गेली. "वर्षा, डबी दे. पोरीचं अंग दुखून राह्यलं."

वर्षालीचा चेहरा पांढरा पडला. "तुमी तिले विचारलं काऊन? रजतभाऊ म्हने, लक्षनं दिसतीन, पन ते खोटे रायते. उद्या ते गावातच येऊन राह्यले. उद्यापर्यंत तं थांबा! मी साऱ्याइपुढं बोलली आई. मी कोन्या तोंडानं..."

"तुह्यं तोंड मोठं का पोरीचा जीव?"

वर्षाली भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही कान झाकून घेतले. सारं घर धुंडाळलं तरी मनकर्णाबाईला डबी सापडली नाही. नीलेश ट्रक घेऊन हैदराबादच्या रस्त्यावर, त्याचा फोन लागेना. सांजेला गरम पाण्यानं पोरीच्या कळा थोड्या बसल्या, आणि वर्षालीनं त्यालाच प्रार्थनेचं उत्तर मानलं.

*

रविवारी पुन्हा धुकं. मनकर्णाबाई उठली तेव्हा पोरीची जागा रिकामी होती. वर्षाली तिला शालीत गुंडाळून पहाटेच चर्चला घेऊन गेली होती.

चर्च भरलं होतं, नाताळाला भरते त्याहून जास्त. धुकं खिडक्यांतून आत आलं होतं, त्यामुळे समोरचा क्रूस जवळही वाटत होता आणि दूरही. खिडकीशी सीताबाई उभी होती. "पाहू तं द्या, कोन आला बाबा," म्हणत. पहिल्या बाकावर वर्षाली, तिच्या मांडीवर गुंजन. पोरीचे डोळे पिवळे झाले होते.

गाणी झाली. रजतभाऊ बोलला, तोच दुधाचा आवाज. मग म्हणाला, "बुधवारी देवानं याच गावच्या लेकराला नवं रक्त दिलं. आज तिची आई पुन्हा साक्ष देईल."

वर्षाली उठू लागली. पण तिच्या आधी मागून कोणीतरी उभं राहिलं.

"मी देतो साक्ष," मनकर्णाबाई म्हणाली.

"या आई, या! हालेलूया!"

ती पुढं गेली नाही. होती तिथूनच बोलली, बाकाची पाठ धरून.

"मी मनकर्णा. रूपरावची बायको. बुधवारी मी बी हॉलात होती. मी आमेन म्हनलं. मले लय गोड वाटलं, खोटं काऊन बोलू? पन माह्या नातीले कालपासून दुखून राह्यलं, अन ते सांगत नाई. काऊन? तं दुखते म्हनलं तं येशू बरं केलेलं वापस घेते म्हने." ती थांबली. "म्या उभा जलम येशूचं नाव घेतलं. माहा मालक गेला तवा घेतलं, पीक गेलं तवा घेतलं. तो देल्लेलं वापस घेनारा नोहे. अन ज्याच्यापुढं लेकराले दुखते म्हनता येत नाई, तो कोनी दुसरा असन. माहा येशू नोहे."

कीबोर्ड थांबला.

रजतभाऊ रागावला नाही. तो हसला, समजुतीनं. "आई, डोळ्यांनी पाहू नका, विश्वासानं पाहा. सैतान असाच शंका पेरतो. शास्त्र काय सांगतं, त्याच्या घायांनी आपण बरे झालो. शास्त्र मानता ना तुम्ही?"

"मानतो ना बाबू. पन शास्त्र तं सैतान बी सांगते. देवळाच्या छपरावर प्रभूले घेऊन गेलता, तवा शास्त्रातलंच बोलत होता ना? मार उडी, देवदूत झेलतीन. प्रभूनं मारली का उडी? तो म्हने, देवाले असं पारखाचं नसते. अन पायऱ्या-पायऱ्यानं खाली उतरला."

"पायऱ्याचं कुठी लिवलं हाये वं काकू?" मागून कोणीतरी टोकलं. दोघं-तिघं हसले.

"नसन लिवलं," मनकर्णाबाई म्हणाली. "पन खाली तं आला ना तो? मंग पायऱ्यानंच आला असन."

आता खिडकीतली सीताबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मनकर्णाबाई मात्र हसली नाही.

"गोळी म्हंजे पायरी हाये बापा. ते बी देवानंच देल्ली, तिच्यात रुसाचं काय? प्रार्थना करा ना, मी कुठी नाई म्हनतो? मी बी करतो. म्या सोता उडी मारली असती तं माह्यं हाड मोडलं असतं, जाऊ द्या. पन इथं तं उडी आपन नाई मारून राह्यलो. लेकराले ढकलून राह्यलो."

कोणी आमेन म्हटलं नाही. धुकं खिडकीतून थोडं आत सरकलं. रजतभाऊनं वर्षालीकडं हात केला. "बहन, तुम्ही सांगा. तुमची साक्ष काय आहे?"

वर्षाली उभी राहिली. साऱ्या मंडळीचे डोळे तिच्या पाठीवर. मग ती खाली वाकली, पोरीच्या तोंडाशी तोंड नेलं आणि विचारलं, जसं कोणी चार दिवसांपासून बंद असलेलं दार भीत भीत लोटून पाहावं, "दुखते का वं गुंजू?"

गुंजननं रजतभाऊकडं पाहिलं. मग मागं आजीकडं.

"होये. छातीत बी दुखते."

अण्णाजी वेदीपाशी बसले होते. या दोघांच्या बोलण्यात ते एकदाही तोंड उघडून बोलले नव्हते. आता ते उठले, अंगावरची घोंगडी काढली आणि पोरीला गुंडाळली. "आजचं प्रभुभोजन मंग होईन," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत मंडळीनं त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. "आधी ऑटो बोलवा कोनी! अन मी बोलावलं या भाऊले, तं चूक माही हाये. माफी मी मांगन, पन आधी ऑटो!"

ऑटो येईपर्यंत रजतभाऊ दाराशी येऊन उभा राहिला. त्याचा कोवळा चेहरा उतरला होता. "मी खरंच प्रार्थना केली होती आई," तो हळूच म्हणाला.

"मालूम हाये बाबू. मी पाह्यलं तुह्या डोळ्यात पानी." मनकर्णाबाईनं पोरीचे पाय शालीत खोचले. "प्रार्थना सोडू नको. पन पुढच्या लेकराची गोळी बंद कर म्हनू नको. अन त्याले दुखते म्हनू दे."

तो दारातून बाजूला सरकला आणि वाट मोकळी केली.

*

हिंगणघाटच्या दवाखान्यात पोरीला सलाईन लागलं, नाकाला ऑक्सिजन लागला. डॉक्टरीणबाई आधी रागावली, मग वर्षालीचा चेहरा पाहून तिनं राग गिळला. म्हणाली, वेळेत आणलं.

कळा उतरल्यावर पोरगी झोपली. सासू-सुना खाटेच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. पोरीची शाल नीट करत वर्षाली म्हणाली, "डबी तुरीच्या कोठीत हाये. पार खाली. फेकाले हात नाई झाला माहा."

"मंग तुह्या हाताले तुह्यापेक्षा जास्त अक्कल हाये."

वर्षाली रडता रडता हसली. मग पुन्हा रडली. "माही साक्ष खोटी झाली आई."

"घाईची झाली. खरी द्याले अजून टाइम हाये."

पुढच्या बुधवारी बोरगावचा हॉल पुन्हा भरला, असं ऐकू आलं. वडनेरचीही काही घरं तिकडं गेली. दोन घरांनी मनकर्णाबाईशी बोलणं टाकलं. म्हातारीनं पवित्र आत्म्याला अडवलं म्हणे. तिला वाईट वाटलं. त्या घरांतल्या सुनांची बाळंतपणं तिच्या हातची होती. ती त्यांच्या दारावरून जाताना सलाम म्हणायची आणि न थांबता पुढं जायची.

पण रविवारी, उरलेल्या मंडळीत, अण्णाजींनी आधी स्वतः माफी मागितली. मग साक्ष कोणाची म्हणून विचारलं, तर वर्षाली उभी राहिली. माईक नव्हता. पोरीचा हात हातात धरून ती एवढंच म्हणाली, "आज सकाळी मी माह्या पोरीले गोळी देल्ली. मंग प्रार्थना केली," आणि खाली बसली. आमेन म्हणणारा पहिला आवाज गुंजनचा होता. त्या दिवशी मनुकांचा रस वाटला गेला. आठवडाभर राहून थोडा आंबट झाला होता, पण कोणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं पुन्हा आपल्या जागेवर होतं. हापसीची कर्र-कर्र, मागून खोकला, मागून चपला.

"कोन वं? मनकर्णा का?"

"मीच वं."

"मंग? काय म्हनते तुहा देव आता?" सीताबाई धुक्यातून म्हणाली.

"काय म्हनन?" मनकर्णाबाईनं गुंड धारेखाली सरकवला आणि दांड्याला हात घातला. "म्हनते, पोरगी उठाच्या आत पानी भर."